पायात काटा घुसला, चौथ्या दिवशी पोटरी फाडावी लागली. आतून सडत जाणारं हे इन्फेक्शन वेळेत ओळखायचं कसं?

काळीमाती | २० ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वर्षभर लिहीन लिहीन म्हणत होतो. नाना (माझे वडील, वय ६१, बारा वर्षांपासून शुगर) आता काठी न घेता शेतापर्यंत जाऊन येतात, म्हणून आज लिहायला बसलो.

आम्ही अमळनेर तालुक्यातले. गेल्या ऑगस्टात कपाशीची निंदणी चालू असताना नानांच्या उजव्या पायात, घोट्याच्या वर, बाभळीचा काटा घुसला. त्यांनी तो उपटला, वर माती चोळली आणि पुन्हा कामाला लागले. संध्याकाळी गावात धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. काटा असो, खिळा असो, पत्रा असो, ते इंजेक्शन घेतलं की आमच्याकडे विषय संपतो.

दुसऱ्या रात्री पोटरी दुखायला लागली. नाना म्हणजे पायावरून गाडीचं चाक गेलं तरी तोंडातून आवाज न काढणारा माणूस. त्या रात्री ते उशीत तोंड खुपसून कण्हत होते. पायावर बघावं तर थोडी सूज आणि तळहाताएवढी लाली, बस. मीच म्हणालो, "नाना, एवढंसं तर आहे." हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

तिसऱ्या दिवशी जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. दुखण्याचं इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. दुपारी बरं वाटलं. रात्री ताप चढला, नाना असंबद्ध बोलायला लागले, मेलेल्या बैलाला हाका मारत होते. चौथ्या दिवशी पहाटे पाय जांभळा-राखाडी झाला होता, भाजल्यासारखे फोड आले होते आणि त्यांत काळपट पाणी होतं. आणि दुखणं थांबलेलं! आम्ही हरखलो हो. आई म्हणाली, देव पावला.

जळगावला पोचलो तेव्हा बीपी ८० होता. सर्जननी पाय बघितला, एका ठिकाणी दाबला आणि आम्हाला सांगितलं, "तपासण्या होत राहतील, मी दोन तासांच्या आत उघडतोय." नाव सांगितलं नेक्रोटायझिंग फॅशिआयटिस. तीन ऑपरेशनं, ११ दिवस आयसीयू, एकूण ३८ दिवस दवाखान्यात, शेवटी मांडीची कातडी काढून पोटरीवर लावली. पाय वाचला, माणूस वाचला.

माझा प्रश्न सरळ आहे. चौथ्या दिवशी जे कोणालाही दिसलं असतं, ते दुसऱ्या रात्री आम्हाला कसं कळलं असतं? इथे डॉक्टर मंडळी आहेत, ज्यांच्या घरात असं घडलंय तेही असतील. कृपया लिहा.

---

केळीबाग | २० ऑगस्ट, रात्री १०:१५

भाऊ, वाचून अंगावर काटा आला. नानांना नमस्कार सांगा.

मी रावेरचा, केळीवाला. आमच्या बागेत कंदकुज येते तेव्हा असंच होतं. पानं हिरवीगार, खोड जाडजूड, रस्त्यावरून बघणारा म्हणेल काय बाग आहे! आणि जवळ जाऊन नुसता धक्का दिला की झाड बुंध्यातून मोडतं, कंद जमिनीतच राहतो, आणि वास असा की नाक धरावं लागतं. वरचं पान शेवटी पिवळं पडतं. तोवर खेळ संपलेला असतो.

---

पुण्यातली_खान्देशी | २० ऑगस्ट, रात्री १०:३१

"एवढंसं तर आहे" हे वाक्य मनाला लावून घेऊ नका. आमच्या घरातही मीच म्हटलं असतं. वाचनखूण साठवतेय.

---

अहिराणी_मानूस | २० ऑगस्ट, रात्री ११:०२

मना काकाले बी आसंच व्हयनं व्हतं. फोड दखीसन सारा लोके म्हनेत 'नागीन निंघनी'. चार दिन गेरूना लेप लाया. डॉक्टरले दखाडं तवय पाय काया पडी गयथा. काका नही वाचनात.

---

तापीकाठचा_सर्जन | २१ ऑगस्ट, सकाळी ६:५०

काळीमाती, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. अहिराणी_मानूस, तुमच्या काकांबद्दल वाईट वाटलं. नागीण आणि हे, दोन्हीत फोड येतात, म्हणून ही गफलत मी अनेकदा पाहिली आहे. नागिणीचे फोड लहान, झुपक्याने, शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे येतात. सुजलेल्या पायावर मोठे, काळपट किंवा रक्ताळ पाण्याचे फोड आले तर ती नागीण समजून घरी बसू नका.

आता मूळ प्रश्न. मटण साफ करताना तुकड्यावर जो पांढरा, चिवट पापुद्रा सोलून काढतात, तो आठवा. तोच फॅशिया. कातडी, खाली चरबी, खाली हा पापुद्रा, त्याखाली स्नायू. हे जंतू या पापुद्र्याच्या पातळीवर पसरतात, कधीकधी तासाला बोटभर वेगाने. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या गोठतात. कातडीचा रक्तपुरवठा खालूनच येत असल्यामुळे कातडी मरते, पण ती सगळ्यात उशिरा. म्हणून कातडी बघून अंदाज घेणारा फसतो. नानांच्या पायावर दुसऱ्या रात्री 'तळहाताएवढी लाली' होती, पण आत त्याच्या कितीतरी पुढे सड गेली असणार.

दुसऱ्या रात्रीची सगळ्यात मोठी खूण तुम्ही स्वतःच लिहिली आहे. जखमेच्या मानाने दुखणं अफाट होतं. न कण्हणारा माणूस कण्हत होता. ही खूण रक्ताच्या कुठल्याही तपासणीच्या आधी येते. बाकीच्या खुणा अशा: लाली जिथे संपते त्याच्याही पुढे दाबल्यावर दुखणं, सूज फळीसारखी टणक लागणं, नाडी शंभराच्या वर, ताप, आणि माणूस 'वेगळाच' वाटणं. दाबल्यावर कुरकुर असा आवाज आला तर आत वायू तयार झालाय, पण तो आवाज बऱ्याच रुग्णांत येतच नाही, त्याची वाट बघायची नसते.

आणि दुखणं थांबणं. तुमच्या आईला देव पावला असं वाटलं, कोणालाही वाटेल. तिथल्या नसा मेल्या म्हणून दुखणं थांबलं. पाय बिघडत चाललाय आणि दुखणं मात्र अचानक गेलं, असं झालं की त्या क्षणी गाडी काढायची.

ओपीडीची वेळ झाली. बाकीचं रात्री लिहितो.

---

वॉर्ड_सात | २१ ऑगस्ट, सकाळी ८:१२

मी स्टाफ नर्स आहे, सर्जिकल वॉर्डात सतरा वर्षं. सरांनी 'माणूस वेगळाच वाटणं' लिहिलं, त्यावर जोर देते. नातेवाईक आम्हाला सांगतात, "सिस्टर, हे असे नाहीत हो." त्या वाक्याला मी बीपीच्या आकड्याइतकीच किंमत देते. दवाखान्यात गेल्यावर लाजू नका, हेच वाक्य डॉक्टरांना सांगा. "दुखतंय" म्हणू नका, कारण सगळेच तसं म्हणतात. "हे माझे वडील कधी दुखतं म्हणत नाहीत आणि रात्रभर कण्हत होते" असं सांगा.

---

स्पष्टवक्ता | २१ ऑगस्ट, सकाळी ११:२०

सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. हा आजार दुर्मिळ आहे. पावसाळ्यात खेड्यात प्रत्येक घरात कोणाचा ना कोणाचा पाय सुजलेला असतो. हा धागा वाचून प्रत्येक जण जळगाव-धुळ्याला धावला तर? एका फेरीत मजुराच्या दोन-तीन दिवसांच्या रोजाचे पैसे जातात, वर तपासण्या. आणि धाग्यात न लिहिता गावच्या डॉक्टरवर ठपका ठेवला जातोय, तो मला पटत नाही. त्याने जे दिसलं त्यावर औषध दिलं.

---

काळीमाती | २१ ऑगस्ट, दुपारी १:०५

स्पष्टवक्ता, त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. ते दवाखान्यात नानांना बघायला आले होते, आईजवळ बसून रडले. मी नाव घेतलं नाही आणि घेणारही नाही.

---

गावचा_डॉक्टर | २१ ऑगस्ट, दुपारी २:३०

मी चोपडा तालुक्यात प्रॅक्टिस करतो, त्यामुळे स्पष्टवक्ता यांचा मुद्दा माझ्या रोजच्या कामाचा आहे. आषाढ ते आश्विन माझ्याकडे दिवसाला तीन-चार सुजलेले पाय येतात. बहुतेक साधं सेल्युलायटिस (कातडीचं वरवरचं इन्फेक्शन) असतं, ज्याला आपल्याकडे जुनी माणसं धावरं म्हणतात. ते गोळ्यांनी बरं होतं. ते सगळे पुढे पाठवायचे म्हटलं तर मला दवाखाना बंद करावा लागेल. मग निवडायचं कसं?

मी काय करतो ते लिहितो. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारतो आणि शेजारी वेळ लिहितो. नातेवाईकाला सांगतो, दर दोन-तीन तासांनी बघ, लाली रेघेबाहेर गेली, फोड आला, रंग जांभळा झाला किंवा दुखणं वाढलं तर मला फोन कर, रात्री दोन वाजता केलास तरी चालेल. साध्या धावऱ्यातही पहिल्या दिवशी रेघ थोडी सरकू शकते, त्यामुळे एकट्या रेघेवर मी जात नाही. नाडी मोजतो, श्वास मोजतो, बीपी घेतो, शुगर बघतो. हे चारही माझ्या टेबलावर पाच मिनिटांत होतं. शुगरवाला रुग्ण, नाडी १२०, आणि पायाला हात लावू देत नाही, असं असेल तर मी चिठ्ठी लिहून पाठवतो. चिठ्ठीवर शंका स्पष्ट लिहितो आणि पुढच्या सर्जनला फोनही करतो, म्हणजे रुग्ण तिथे रांगेत बसत नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही आम्हा गावच्या डॉक्टरांसाठी आहे. डायक्लोफिनॅकचं (दुखणं मारणारं) इंजेक्शन आणि त्याबरोबर डेक्सा (स्टेरॉइड), ही जोडी सूज दिसली की देण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. पेशंटला तासाभरात बरं वाटतं, तोही खूश, आपणही खूश. पण ताप झाकला जातो, दुखणं झाकलं जातं, आणि स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती खाली येऊन शुगर वर जाते. मी स्वतः तरुणपणी हे केलं आहे. सहा वर्षांपूर्वी एका बाईंच्या बाबतीत जे झालं त्यानंतर सोडलं. त्याबद्दल इथे जास्त लिहवत नाही.

---

स्पष्टवक्ता | २१ ऑगस्ट, दुपारी ३:१०

डॉक्टर, पेनच्या रेघेची गोष्ट पटली. यात बिनखर्चाची शिस्त आहे. माझा आक्षेप निम्मा मागे घेतो.

---

यावलची_सून | २१ ऑगस्ट, सायंकाळी ५:४४

मला मात्र एका गोष्टीवर हरकत आहे. सगळे म्हणताहेत दुखणं अफाट असतं. माझ्या सासूबाईंना अजिबात दुखत नव्हतं. वीस वर्षांची शुगर, तळपाय बधिर. टाचेला भेग पडली म्हणून त्यांनी बिब्बा तापवून लावला, तो उतला, चट्टा पडला. आठ दिवसांनी घरात वास यायला लागला. मला वाटलं उंदीर मेला असेल कुठेतरी, कोठीघर रिकामं केलं. वास सासूबाईंच्या पायाचा होता. त्या दोन दिवसांपासून जेवत नव्हत्या आणि सारख्या झोपत होत्या, शुगर ४८० निघाली. धुळ्याला नेलं, पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्या आज आहेत, जयपूर फूट लावून देवळात जातात. पण 'दुखणं' ही खूण धरून बसले असते तर त्या गेल्याच असत्या.

---

तापीकाठचा_सर्जन | २१ ऑगस्ट, रात्री ९:२०

यावलची_सून, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी सकाळी लिहिलेल्यात एवढी मोठी फट होती. शुगरने नसा बधिर झालेल्या पायात दुखण्याची घंटा वाजतच नाही. अशा माणसात बघायचं ते हे: वास, अंगात कणकण, जेवण तुटणं, सुस्ती, गुडघ्यापर्यंत चढलेली सूज, आणि नेहमी आटोक्यात असलेली शुगर कारण नसताना तीनशे-चारशेच्या वर जाणं. शरीरात कुठेतरी मोठं इन्फेक्शन असलं की शुगर ऐकत नाही. बधिर पायाचा माणूस "इथे दुखतंय" असं पहिल्यांदा म्हणाला, तर तेही धोक्याचंच समजा.

बिब्ब्याबद्दल मी हात जोडून सांगतो, शुगरच्या पायाला लावू नका. त्याचं तेल कातडी जाळतं आणि बधिर पायाला ते कळत नाही.

आता आम्ही आत काय करतो ते, म्हणजे सही मागितल्यावर घाबरणार नाही.

शंका असेल पण खात्री नसेल, तर जागा बधिर करून दोनेक सेंटिमीटरचा छेद फॅशियापर्यंत घेतो आणि बोट घालून बघतो. निरोगी माणसात चरबी आणि फॅशिया घट्ट चिकटलेले असतात, बोट जात नाही, रक्त येतं. या आजारात बोट लोण्यात शिरावं तसं सरकतं, रक्त येत नाही, भांडी धुतलेल्या पाण्यासारखं राखाडी पाणी येतं. ते दिसलं की वाद संपला. सिटी स्कॅन, एमआरआय यांचा उपयोग होतो, पण रुग्ण ढासळत असेल तर स्कॅनच्या रांगेत घालवलेले तीन तास त्याच्या जिवावर बेततात.

रक्ताच्या सहा तपासण्यांवरून गुण काढायची एक पद्धत सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये मांडली: सीआरपी, पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन आणि शुगर. एकूण १३ गुण, ६ किंवा जास्त आले तर संशय बळावतो. साधारण पॅथॉलॉजी लॅबमध्ये होणाऱ्या तपासण्या आहेत, म्हणून सोयीची वाटते. पण पुढच्या अनुभवात कमी गुण असलेल्या रुग्णांतही आजार निघाला. म्हणून गुण जास्त आले तर घाई करायची, कमी आले तर निश्चिंत व्हायचं नाही.

लोक विचारतात, भारी अँटिबायोटिक द्या, कापू नका. आपल्या भागात प्रत्येकाला ठिबक माहीत आहे. लॅटरल (झाडांपर्यंत पाणी नेणारी बारीक नळी) चोक झाली असेल तर मोटार रात्रभर चालवा, शेवटच्या झाडाला थेंब मिळत नाही. इथे रक्तवाहिन्याच गोठल्यात, सलाइनमधून सोडलेलं औषध सडलेल्या भागात पोचणार कुठून? सड कापून काढावीच लागते, जिथे रक्त येणारं निरोगी मांस लागेल तिथपर्यंत. आणि २४ ते ३६ तासांत पुन्हा उघडून बघावं लागतं, उरलेली सड काढायला. नानांची तीन ऑपरेशनं झाली ती पहिलं चुकलं म्हणून नव्हे.

औषधं अर्थातच लगेच सुरू होतात, कापायच्या आधीच, आणि एकाहून अधिक. कारण निम्म्याहून जास्त वेळा हे अनेक जातींच्या जंतूंचं काम असतं, विशेषतः शुगरवाल्यांत. दुसरा प्रकार एकट्या स्ट्रेप्टोकॉकसचा, जो धडधाकट तरुणालाही होतो, साध्या खरचटण्यातून. त्यात क्लिंडामायसिन मुद्दाम जोडतात, कारण ते जंतूंचं विष तयार होणंच रोखतं. कापलेला तुकडा कल्चरला (कोणते जंतू आहेत ते बघायच्या तपासणीला) जातो, रिपोर्ट आला की औषधं नेमकी करतात.

एवढं सगळं वेळेत करूनही चार-पाचांत एक जण दगावतो. खोटा धीर मी देत नाही. पण उशीर झाला की हा आकडा खूप वाढतो, हेही तितकंच खरं.

---

इतिहासवेडा | २१ ऑगस्ट, रात्री १०:०५

अवांतर: हा आजार नवा नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लष्करी दवाखान्यांत असे शेकड्याने रुग्ण होते, जोसेफ जोन्स नावाच्या डॉक्टरने १८७१ मध्ये त्याचं वर्णन छापलं. तेव्हा त्याला हॉस्पिटल गँग्रीन म्हणत. आजचं नाव १९५२ मध्ये विल्सन यांनी दिलं. पॅरिसच्या फूर्निए यांनी १८८३ मध्ये पुरुषांच्या नाजूक जागी होणाऱ्या प्रकाराबद्दल लिहिलं, त्याला अजून त्यांचंच नाव आहे.

---

भुसावळकर | २१ ऑगस्ट, रात्री ११:३८

इतिहासवेडा, तुमचा शेवटचा प्रकार माझ्या मामांना झाला. ट्रक चालवायचे. 'तिथे' फोड आला, लाजेने तीन दिवस कोणाला बोलले नाहीत. मामींनाही नाही. चौथ्या दिवशी ढाब्यावर चक्कर येऊन पडले. वाचले, पण सहा महिने घरी होते. पुरुष मंडळींना सांगणं आहे, त्या जागेचं दुखणं, सूज, ताप यात लाजू नका. डॉक्टरला त्यात नवल नसतं.

---

औषधाचं_दुकान | २२ ऑगस्ट, सकाळी ९:३०

भुसावळकरांच्या मुद्द्याला जोडून. शुगरच्या नव्या गोळ्यांपैकी डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीतून साखर बाहेर टाकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१८ मध्ये इशारा दिला की या गोळ्या घेणाऱ्यांत फूर्निएचे काही रुग्ण आढळलेत. प्रमाण फार कमी आहे, आणि हृदय व किडनीला या गोळ्यांचा मोठा फायदा आहे, त्यामुळे हे वाचून कोणी गोळी मनाने बंद करू नका. जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवा, लाली-दुखणं-ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि माझ्या काउंटरवरचा रोजचा प्रसंग: "भाऊ, पाय सुजलाय, दोन दिवसांच्या गोळ्या दे." मी आता आधी पाय बघायला मागतो. काही जण चिडून शेजारच्या दुकानात जातात. जाऊ देतो.

---

केळीबाग | २२ ऑगस्ट, दुपारी १२:१५

साप चावल्यावरही पाय असाच सुजतो ना? आमच्या बागेत घोणस निघते. मजुराला चावली तर पायावर फोड आले, काळा पडला. तेव्हा लोकांनी ब्लेडने चिरा दिल्या होत्या.

---

तापीकाठचा_सर्जन | २२ ऑगस्ट, दुपारी २:४०

घोणसचं विष मांस आणि रक्त दोन्हीवर काम करतं, त्यामुळे सूज-फोड विषाचेच असतात. त्यावर उपाय प्रतिविषाची लस. आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काही करू नका. रक्त गोठत नसताना दिलेली चीर थांबत नाही, आणि त्याच ब्लेडने जंतू आत जातात. मग काही दिवसांनी खरंच हे इन्फेक्शन वर चढतं. पाय हलू न देता सरळ दवाखाना.

---

सातपुड्याची_लेक | २२ ऑगस्ट, रात्री ८:५०

मी धडगाव भागात आरोग्याचं काम करते. इथे 'गाडी काढायची' हे वाक्य सगळ्या पाड्यांना लागू होत नाही. पावसात नाला भरला की झोळी करून खांद्यावर आणावं लागतं, मग रस्ता, मग १०८, मग नंदुरबार. म्हणजे आम्हाला निर्णय तुमच्यापेक्षा अर्धा दिवस आधी घ्यावा लागतो. गावचा_डॉक्टर यांची पेनची रेघ मी आजच आमच्या आशाताईंना दाखवली. घड्याळ सगळ्यांकडे नसतं, म्हणून आम्ही ठरवलं: रेघ दुपारी मारली, आणि सूर्य डोंगराआड जाईपर्यंत लाली दोन बोटं पुढे गेली तर झोळी बांधायची. डॉक्टरसाहेब, हे बरोबर आहे का?

---

गावचा_डॉक्टर | २२ ऑगस्ट, रात्री ९:२५

ताई, तुमच्या भागासाठी बरोबर आहे. त्यात एवढंच घाला: ताप किंवा बरळणं असेल, फोड काळा असेल, किंवा माणसाला पाय टेकवता येत नसेल, तर रेघ मारून थांबायचंच नाही. आणि बाळंतीण असेल तर टाक्यांभोवतीचं दुखणं-लालीही याच नजरेने बघा. 'ओली बाळंतीण, दुखणारच' म्हणून सोडून देतात.

---

पुण्यातली_खान्देशी | २३ ऑगस्ट, सकाळी १०:१०

काळीमाती, खर्चाचं कसं जमवलंत? विचारू नये, पण लोकांच्या उपयोगी पडेल.

---

काळीमाती | २३ ऑगस्ट, रात्री ९:०५

विचारा की. आमचा बराच भाग महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला. योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी त्यांना भेटा. आम्हाला तिसऱ्या दिवशी कोणीतरी सांगितलं, तोवर दोन म्हशींपैकी एक विकून झाली होती. बाहेरून आणलेल्या काही वस्तूंचे पैसे गेले ते गेले. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथेही जाता येतं.

---

यावलची_सून | १४ सप्टेंबर, सायंकाळी ६:२०

धागा वर आणते. परवा माझ्या आईचा पाय सुजला, लाल झाला, ताप होता. मी इथलं सगळं आठवून रेघ मारली, वेळ लिहिली, नाडी मोजली, ११२ होती. रात्रीच जळगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी दाबून बघितलं, रक्त तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं. साधं धावरं निघालं. सकाळी रेघ तशीच, ताप उतरला, गोळ्यांवर घरी आलो. भाऊ म्हणतोय उगाच चार हजार घालवले.

---

तापीकाठचा_सर्जन | १४ सप्टेंबर, रात्री ९:४५

भावाला सांगा, माझ्याकडे असे रिकाम्या हेलपाट्याचे दहा रुग्ण आले तरी मी त्यांना हसतमुखाने घरी पाठवीन. अकराव्याचे नाना वाचतात. आईंच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या आहेत का बघा. धावरं पुन्हा पुन्हा तिथूनच शिरतं. मलम लावा, बेचक्या कोरड्या ठेवा.

---

यावलची_सून | १४ सप्टेंबर, रात्री १०:०२

आहेत! दोन्ही पायांना. आजपासून लावते.

---

काळीमाती | १५ सप्टेंबर, सकाळी ७:३०

ताई, आई बऱ्या आहेत हे वाचून नानांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना फार बरं वाटलं. ते आता रोज संध्याकाळी पाय धुऊन ओट्यावर बसतात आणि नात आरसा धरून तळपाय बघते. शेतात बूट घालतात, सुरुवातीला लाजायचे.

एक विचारायचं राहिलं, वॉर्ड_सात ताईंना. पोटरीवर लावलेली कातडी फार खाजते आणि तडकते. गेल्या मे महिन्यात तर नाना हैराण झाले होते. काय करावं?

---

वॉर्ड_सात | १५ सप्टेंबर, दुपारी ३:१५

भाऊ, त्या कातडीला घाम आणि तेल सुटत नाही, म्हणून ती कोरडी पडते. दिवसातून तीन-चार वेळा खोबरेल तेल हलक्या हाताने गोल चोळा. नखं लावू देऊ नका, खाज आली तर ओला थंड कपडा ठेवा. आपल्याकडचं ४५ डिग्रीचं ऊन त्या जागेला थेट लागू देऊ नका, सैल सुती पायजमा घालायचा. घट्ट इलास्टिकचा मोजा नको, आणि बधिरपणा असेल तर गरम पाण्याची पिशवी कधीच नको. तडकून ओलं झालं तर दाखवायला आणा. शुक्रवार सोडून मी सकाळच्या पाळीत असते.